एका पानावर एकोणतीस चौकटी

रेडिओ दुर्बिणीचा डेटा, आलेखांची मांडणी आणि माझा फसलेला शोध

काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. सातवीच्या तीन मुलींनी लोणावळा, तळेगाव आणि पुणे या तीन ठिकाणच्या पावसाचे आलेख काढून एकाखाली एक चिकटवले होते. रेषा सुबक होत्या, रंग नेटके होते. पण तिन्ही आलेख जवळजवळ सारखेच दिसत होते. जूनमध्ये चढ, जुलैमध्ये शिखर, सप्टेंबरात उतार. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यात सातशेच्या आसपास, हे त्या मुलींनाही तोंडपाठ होते. मग कागदावर हा फरक गेला कुठे?

उभ्या अक्षाजवळ जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. लोणावळ्याच्या आलेखात एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मिलिमीटर होते आणि पुण्याच्या आलेखात एक सेंटिमीटर म्हणजे दहा. प्रत्येक आलेखाने आपापला कागद पूर्ण भरावा म्हणून ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी घेतली होती. मी त्यांना तिन्ही आलेख एकाच मोजपट्टीने पुन्हा काढायला सांगितले. दुपारच्या सुट्टीत त्यांनी ते काढले. लोणावळ्याचा डोंगर तसाच उंच राहिला, तळेगावचा निम्म्याहून खाली आला आणि पुण्याचे झाले एक टेंगूळ. एक मुलगी म्हणाली, "सर, आता खरं दिसतंय."

मी मोठ्या रुबाबात मान डोलावली. दोन वर्षांनी नेमकी तीच चूक मी स्वतः केली. फरक इतकाच, की पावसाऐवजी माझ्यासमोर आकाशातल्या रेडिओ लहरींचे आकडे होते आणि तीन आलेखांऐवजी एकोणतीस. त्या चुकीची आणि ती सुधारताना जे शिकलो त्याची ही हकिगत.

खोडदच्या तीस तबकड्या

तळेगावहून चाकणला जायचे, तिथून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव, आणि आत वळले की खोडद. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर. जुन्नर तालुक्यातल्या या गावाभोवतीच्या शेतांत, द्राक्षबागा आणि कांद्याच्या वावरांच्या शेजारी जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही दुर्बीण उभारली आणि तेच ती चालवते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते आणि दुर्बीण जवळून पाहता येते. मी पहिल्यांदा गेलो तो त्याच गर्दीतून.

दुर्बीण म्हणजे एकच मोठी तबकडी नव्हे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मिळून ही दुर्बीण होते. त्यांतल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात दाटीने आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पूर्व, दक्षिण आणि पश्चिम दिशांना पसरल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. प्रत्येक तबकडीला नाव आहे. मध्यातल्या सी-००, सी-०१ अशा सी-१४ पर्यंत, पण त्यांत सी-०७ नाही. पूर्वेच्या ई-०२ ते ई-०६, दक्षिणेच्या एस-०१ ते एस-०४ आणि एस-०६, पश्चिमेच्या डब्ल्यू-०१ ते डब्ल्यू-०६. ही नावे पाठ करण्यात माझा एक आठवडा गेला. तो वाया गेला नाही, हे पुढे कळेल.

या कल्पनेचे जनक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). परदेशातून १९६३ मध्ये परतल्यावर त्यांनी कल्याणजवळ सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ छोट्या तबकड्यांची रांग उभारून सूर्याचा अभ्यास केला. आमच्या लोणावळ्याहून घाट उतरला, कर्जत ओलांडले की कल्याण. म्हणजे आपल्या देशातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिली मोठी पायरी आमच्या घाटाच्या पायथ्यापलीकडेच बांधली गेली. त्यानंतर १९७० मध्ये उटीची दुर्बीण आली आणि १९९०च्या दशकात खोडदची. खोडदच्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत; ताणलेल्या दोऱ्यांवर स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी बसवलेली आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र ती जाळी आरशासारखी वाटते. जागा निवडताना इतर गोष्टींबरोबर एक विचार होता तो शांततेचा. माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी होता.

जोडी नावाचे एकक

अशा दुर्बिणीत एकेकट्या तबकडीच्या नोंदीपेक्षा जोडीची नोंद महत्त्वाची. कोणत्याही दोन तबकड्यांकडे आलेले संकेत एकमेकांशी गुणून सरासरी काढली की दोन संख्या मिळतात. एक म्हणजे आयाम, संकेत किती जोरकस आहे ते. दुसरी म्हणजे कला, दोन तबकड्यांवर लहरी किती पुढे-मागे पोचल्या ते. आपण चंद्राच्या कला म्हणतो, तसाच हा शब्द. चक्रात आपण कुठे आहोत ते तो सांगतो. कला अंशांत मोजतात, उणे १८० पासून अधिक १८० पर्यंत.

तीस माणसांनी प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर ४३५ हस्तांदोलने होतात. तितक्याच खोडदच्या जोड्या. आता दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण माझी सगळी फजिती त्यांच्यावरच उभी आहे.

पहिली: आकाशातला स्रोत बिंदूसारखा असेल, तर नीट कॅलिब्रेशन झाल्यावर त्याचा आयाम सगळ्या जोड्यांना सारखाच दिसतो. जोडी शंभर मीटरची असो की पंचवीस किलोमीटरची.

दुसरी: आकाशात पसरट असलेली गोष्ट फक्त जवळच्या जोड्यांना दिसते. लांबच्या जोडीसाठी त्या पसरट भागाच्या एका कडेकडून आणि दुसऱ्या कडेकडून येणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून काढतात, आणि ती गोष्ट जवळजवळ नाहीशी होते.

आता आकड्यांचा ढीग किती ते पाहू. जुन्या पद्धतीच्या एका निरीक्षणात दर १६ सेकंदांना एक नोंद, २५६ वारंवारिता-वाहिन्या आणि दोन ध्रुवीकरणे असतील, तर एका तासात २२५ नोंदी होतात. ४३५ गुणिले २ गुणिले २५६ गुणिले २२५ म्हणजे पाच कोटींच्या वर मोजमापे, आणि प्रत्येकात आयाम व कला अशा दोन संख्या. दुर्बिणीचे आधुनिकीकरण झाल्यापासून वारंवारितेचा पट्टा ३२ ऐवजी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आहे आणि वाहिन्या हजारोंनी मोजाव्या लागतात. हे आकडे वाचून काढणे कोणालाच शक्य नाही. ते बघावे लागतात, आणि बघायचे म्हणजे आलेख.

बघण्याची जुनी सवय

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी दुर्बिणीतून निघणारे आलेखाचे कागद रोज फूटपट्टी घेऊन तपासत होती. शेकडो फूट कागदातल्या जेमतेम बोटभर जागेत तिला एक ओळखू न येणारी खरखर दिसली. आकाशाचा तोच भाग वर आला की ती खरखर पुन्हा येत होती. त्यातून पहिला पल्सार सापडला. त्याचे ठोके १.३३७ सेकंदांनी पडतात. पुढे १९७० मध्ये हॅरल्ड क्राफ्ट या संशोधकाने आपल्या प्रबंधात याच पल्सारचे ठोके एकाखाली एक रचून एक चित्र काढले. प्रत्येक ठोक्याचा आलेख वेगळा, पण सगळ्यांची वेळेची आणि उंचीची मोजपट्टी एकच. ते चित्र नंतर एका इंग्लिश रॉक बँडच्या तबकडीवर छापले गेले आणि आज जगभर तरुणांच्या टी-शर्टवर दिसते. घालणाऱ्यांतल्या अनेकांना आपण छातीवर एका ताऱ्याची नाडी मिरवतो आहोत याची कल्पना नसते.

आलेखशास्त्रावर लिहिणारे एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात अशा रचनेचा पुरस्कार केला: एकाच आकाराचे, एकाच मोजपट्टीचे छोटे आलेख शेजारी शेजारी मांडायचे, म्हणजे डोळा आपोआप तुलना करतो. मावळातल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. बांधावर उभे राहून तो सगळी भातखाचरे एका नजरेत बघतो. कुठल्या खाचरात रोप पिवळे पडले, कुठे पाणी तुंबले, हे त्याला शेजारच्या खाचरामुळे कळते. एकच खाचर जवळ जाऊन कितीही वेळ बघितले तरी ते कळेलच असे नाही.

आज्ञा कशा द्यायच्या

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात सव्वीस वर्षे काढली. शिक्षण पदविकेपर्यंत. खगोलशास्त्र आणि संगणक, दोन्ही निवृत्तीच्या आधी काही वर्षे रात्री जागून स्वतःच शिकलो. जीएमआरटीचा जुना डेटा ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुला होतो, आणि तो तपासायला लागणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. मला लागला तो एक जुना लॅपटॉप, भरपूर चहा आणि पावसाळ्यात वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची तयारी.

खगोलशास्त्रज्ञांचे जुने सॉफ्टवेअर म्हणजे एआयपीएस; ते १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेने त्यानंतर कासा नावाचे नवे सॉफ्टवेअर तयार केले. कासामध्ये आलेख काढणाऱ्या आज्ञेचे नाव प्लॉटएमएस. आज्ञा टंकताना रोमन लिपीच वापरावी लागते. इथे मी त्यांचे उच्चार देतो. नावे छोटी आणि सरळ आहेत, थोडे इंग्रजी येणाऱ्याला सहज ओळखता येतील.

आधी सांगायचे की आडव्या अक्षावर काय आणि उभ्या अक्षावर काय. एक्सअॅक्सिसला टाइम आणि वायअॅक्सिसला अॅम्प दिले की वेळेनुसार आयाम मिळतो. अॅम्पच्या जागी फेज लिहिले की कला. मग निवड करायची: फील्ड म्हणजे आकाशातला कोणता स्रोत, कोरिलेशन म्हणजे कोणते ध्रुवीकरण, अँटेना म्हणजे कोणती तबकडी. मी अँटेनाला सी-०० दिले. याचा अर्थ सी-०० आणि उरलेल्यांपैकी प्रत्येक, अशा २९ जोड्या. एवढेच देऊन आलेख काढला तर सगळ्या जोड्यांचे ठिपके एकावर एक पडतात आणि पडद्यावर निळा गोधडा दिसतो. त्यातून काहीही कळत नाही.

इथे कामाला येते ती इटरअॅक्सिस नावाची सूचना. तिला बेसलाइन, म्हणजे जोडी, असे मूल्य दिले की सॉफ्टवेअर प्रत्येक जोडीसाठी वेगळा आलेख काढते. पण ते आलेख एकामागून एक दाखवते. पुढचा बघताना मागचा विसरतो. म्हणून ग्रिडरोजला ५ आणि ग्रिडकॉल्सला ६ द्यायचे. पाच ओळी, सहा रकाने, एका पानावर तीस घरे. २९ जोड्या बसल्या आणि एक घर रिकामे राहिले. ते रिकामे घर पाहून पहिल्या दिवशी मला वाटले की डेटाच हरवला. अर्धा तास शोधत होतो.

आणखी तीन बारकावे. पहिला सरासरीचा. अॅव्हगटाइम आणि अॅव्हगचॅनेल या सूचनांनी वेळेची आणि वाहिन्यांची सरासरी काढता येते. ठिपके कमी होतात, आलेख स्वच्छ दिसतो. पण कॅलिब्रेशन न केलेल्या डेटात कला फिरत असते. फिरत्या कलेची सरासरी काढली की संख्या एकमेकींना खोडतात आणि आयाम खोटाच कमी दिसतो. म्हणून आधी कॅलिब्रेशन, मग सरासरी. खोडदला त्यासाठी थ्री-सी-४८, थ्री-सी-१४७, थ्री-सी-२८६ यांसारख्या परिचित स्रोतांचा वापर करतात. ते आकाशातले मैलाचे दगड आहेत.

दुसरा बारकावा जतन करण्याचा. प्लॉटफाइलला नाव दिले की चित्र साठवले जाते. पण पाने एकाहून जास्त असतील आणि एक्सप्रेंज या सूचनेला ऑल असे सांगितले नसेल, तर फक्त समोरचे पान साठते. मी एकदा सगळ्या ४३५ जोड्यांची पाने रात्रभर काढली आणि सकाळी हाती आले पहिले एकच पान.

तिसरा बारकावा मोजपट्टीचा. प्लॉटरेंज या सूचनेत चार आकडे देऊन आपण आडव्या आणि उभ्या अक्षांच्या सीमा स्वतः ठरवू शकतो. दिले नाहीत तर सॉफ्टवेअर आपल्या परीने ठरवते. मी ते दिले नव्हते. माझ्या पानावर प्रत्येक चौकटीची उभी मोजपट्टी वेगळी लागली होती, आणि अक्षावरचे आकडे इतके बारीक छापले गेले होते की ते वाचायची तसदी मी घेतली नाही.

शोध लागला असे वाटलेली सकाळ

मी निवडलेला डेटा सुमारे ३२५ मेगाहर्ट्झचा होता. डिसेंबरातली रात्र, बिंदूसारखा एक दूरचा स्रोत, कित्येक तासांचे निरीक्षण. २९ चौकटींचे पान उघडले आणि माझा श्वास अडकला. रात्रभर आयाम सपाट, आणि शेवटी, अक्षावर १:३० वाजल्याच्या पुढे, एकीमागून एक चौकटीत रेषा वर चढलेली. स्रोत अचानक तेजस्वी झाला होता! दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातले कृष्णविवर काहीतरी गिळत असावे, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले. मी चढणाऱ्या चौकटी मोजल्या. उतरणाऱ्याही काही होत्या. त्या मोजल्या नाहीत.

पाच दिवस मी झोपेतही ते पान बघत होतो. एका शास्त्रज्ञांना पाठवायचे पत्र इंग्रजीत तयार केले, चार वेळा खोडून पुन्हा लिहिले. सव्वीस वर्षे कारखान्यात दुसऱ्यांच्या मालातल्या चुका शोधल्या होत्या. आता पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे काहीतरी हाती लागल्यासारखे वाटत होते. पत्र पाठवण्याआधी वडगावला राहणाऱ्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना ते पान दाखवले. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. खगोलशास्त्राशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पान डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "अहो, या पहिल्या चौकटीत उभ्या अक्षावर किती लिहिलंय? आणि या शेवटच्या? वाचा की जरा."

पहिल्या चौकटीत शिखर तळाच्या तिप्पट होते. शेवटच्या चौकटीत तळ आणि शिखर यांत शेकड्याला दोनाचाही फरक नव्हता. दोन्ही रेषा मात्र सारख्याच उंच चढलेल्या दिसत होत्या. मला त्या शाळेतल्या तीन मुली आठवल्या आणि मास्तरांसमोर तोंड लपवावेसे वाटले.

मांडणी बदलली

घरी येऊन प्लॉटरेंजमध्ये सगळ्या चौकटींसाठी एकच सीमा दिली. २९ पैकी २४ चौकटी सपाट झाल्या. त्यांतला जो चढ किंवा उतार मला दिसला होता तो नेहमीचा बारीक हेलकावा होता. चौकटीने तो ताणून उंच केला होता. उरलेल्या पाच चौकटींत मात्र चढ खरा होता, आणि भरपूर होता.

आता प्रश्न बदलला. स्रोत बिंदूसारखा असताना त्याचे तेज वाढले असते तर २९ चौकटींत सारखेच वाढले असते. पाचातच का? त्या पाच पानभर विखुरलेल्या होत्या. प्लॉटएमएस चौकटी मांडते त्या डेटातल्या क्रमाने, आणि त्या क्रमाला जमिनीवरची अंतरे ठाऊक नसतात. मला जमिनीप्रमाणे मांडणी हवी होती. म्हणून आकडे बाहेर काढून पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या साधनाकडे वळलो.

या साधनाची कथा सांगण्यासारखी आहे. जॉन हंटर हे मेंदूचे अभ्यासक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवरच्या अनेक इलेक्ट्रोडांतून येणारे संकेत एकत्र बघता यावेत म्हणून त्यांनी ते लिहायला घेतले आणि २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. २०१२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. २०१९ मध्ये कृष्णविवराचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले, त्या कामातही हे साधन वापरले गेले. मेंदूवरचे इलेक्ट्रोड काय आणि खोडदच्या तबकड्या काय, अडचण एकच: अनेक ठिकाणी एकाच वेळी काय घडले ते एका नजरेत बघायचे.

त्यातली सबप्लॉट्स ही आज्ञा ओळी आणि रकाने मागते. तिच्यासोबत शेअरएक्स आणि शेअरवाय या दोन सूचनांना ट्रू असे सांगितले की सगळ्या चौकटींची मोजपट्टी एकच राहते. एक बदलली की सगळ्या बदलतात. एचस्पेस आणि डब्ल्यूस्पेस शून्य केले की चौकटींमधली मोकळी जागा जाते आणि त्या खाचरांसारख्या बांधाला बांध लावून बसतात. आकडे मग फक्त डाव्या आणि खालच्या कडेला येतात, आणि वाचता येतील एवढे मोठे छापता येतात. एक खाचखळगा सांगून ठेवतो: सबप्लॉट या एकवचनी आज्ञेत चौकटींचे क्रमांक १ पासून सुरू होतात आणि ओळीने डावीकडून उजवीकडे जातात, सबप्लॉट्स या अनेकवचनी आज्ञेतून मिळणाऱ्या यादीत मोजणी शून्यापासून असते. दोन्हींची सरमिसळ झाली की शेवटची चौकट हरवते किंवा सगळे आलेख एका घराने सरकतात आणि नावे चुकीच्या चौकटींवर बसतात. दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक चौकटीच्या आत तिच्या तबकडीचे नाव छापतो आणि ते नाव डेटातूनच घेतो, हाताने लिहीत नाही.

मी सहा ओळी आणि सहा रकाने घेतले. वरच्या तीन ओळींत मध्यातल्या १३ तबकड्या, सी-०० पासूनच्या अंतराच्या क्रमाने: सहा, सहा आणि एक. चौथ्या ओळीत पूर्वेच्या पाच, पाचव्या ओळीत दक्षिणेच्या पाच, सहाव्या ओळीत पश्चिमेच्या सहा. जवळची डावीकडे, लांबची उजवीकडे. ३६ घरांपैकी सात रिकामी राहिली. ती लपवून टाकली. जागा वाया गेली, पण पान म्हणजे आता खोडदचा नकाशा झाला.

पान उघडले आणि उत्तर समोर होते. चढलेल्या पाचही चौकटी पहिल्या ओळीत, डावीकडून सलग. सर्वांत जवळच्या जोडीत चढ सर्वांत मोठा, मग उतरत्या क्रमाने कमी. लांबच्या भुजांवर काहीच नाही. म्हणजे जे काही वाढले होते ते पसरट होते. माझा बिंदूसारखा स्रोत नव्हे. आडव्या अक्षावरची वेळ जागतिक प्रमाणवेळ होती. १:३० मध्ये साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे सकाळचे सात. डिसेंबरातल्या सकाळी सात वाजता खोडदला काय होते, ते सांगायला खगोलशास्त्रज्ञ लागत नाही.

सूर्य उगवला होता.

आकाशात अर्धा अंश व्यासाचा, रेडिओ लहरींतही प्रखर असलेला सूर्य. तबकडीचे तोंड भलतीकडे असले तरी त्याच्या लहरी कडेने आत शिरतात. तो पसरट असल्यामुळे लांबच्या जोड्यांना फारसा जाणवत नाही, जवळच्या जोड्यांना जाणवतो. ही गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि गरज पडली की ते दिवसाच्या निरीक्षणांतल्या सर्वांत छोट्या जोड्या सरळ बाजूला ठेवतात. मी पाच दिवस डोक्यावर घेऊन नाचलो तो शोध म्हणजे रोजचा सूर्योदय होता.

हाती काय राहिले

पत्र फाडले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण त्याच नकाशावजा मांडणीत नंतर कलेचे आलेख काढले, तेव्हा दुसरे काहीतरी दिसले. मध्यातल्या चौकटींत कला जवळजवळ सपाट, आणि प्रत्येक भुजेवर डावीकडून उजवीकडे जावे तसतशी रेषा अधिकाधिक नागमोडी. पश्चिमेच्या शेवटच्या तबकडीपर्यंत ती वर जाऊन अधिक १८० ला टेकत होती आणि तिथून उणे १८० वर उडी मारत होती. ही उडी खरी नसते. घड्याळाचा काटा बारावरून एकवर येतो, तसे ते चक्र पूर्ण होणे आहे. नागमोड मात्र खरी होती. आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला विद्युतभारित वायूचा थर, आयनांबर, सतत हलत असतो. जवळच्या दोन तबकड्या त्याच्या जवळजवळ एकाच भागातून आकाश बघतात, लांबच्या दोन वेगवेगळ्या भागांतून. म्हणून अंतर वाढते तशी कला अधिक डळमळते. वारंवारिता जितकी कमी तितका हा परिणाम मोठा. पुस्तकात हे मी दहादा वाचले होते. चौकटी जमिनीच्या क्रमाने लावल्यावर ते घडताना बघितले. यात नवे काही नाही, पण त्या दिवसापासून कलेचा आलेख मला वाचता येऊ लागला.

आता कोणतेही अनेकचौकटी पान काढताना मी चार गोष्टी लिहून मगच सुरुवात करतो. मोजपट्टी एक आहे की वेगळी? वेगळी असेल तर ती का, आणि बघणाऱ्याला ते मोठ्या अक्षरांत सांगितले आहे का? चौकटींचा क्रम कशावरून ठरवला? वेळ कुठल्या घड्याळाची आहे? आणि जे मला दिसावेसे वाटते त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या चौकटी मी मोजल्या का? वेगळी मोजपट्टी नेहमीच चूक नसते. मंद जोडीतला बारीक दोष शोधायचा असेल तर ती लागतेच. पण तेव्हा दोन पाने काढावीत, एक समान मोजपट्टीचे आणि एक वेगळ्या, आणि आधी पहिले बघावे.

हा नियम फक्त आकाशापुरता नाही. वर्तमानपत्रात दोन जिल्ह्यांचे, दोन वर्षांचे, दोन पक्षांचे आलेख शेजारी शेजारी छापलेले असतात. त्यांच्या उभ्या अक्षावरचे आकडे वाचणारे किती? लोणावळ्याचा पाऊस आणि पुण्याचा पाऊस सारखा दाखवणारा कागद तिथेही असतो, आणि तिथे त्याला "सर, आता खरं दिसतंय" म्हणणारी मुलगी नसते.

फसलेले आणि सुधारलेले अशी दोन्ही पाने माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावली आहेत. मास्तर आले की आधी तिकडे बघतात आणि विचारतात, "मग, आज सूर्य कितीला उगवला?"